शिशु-ओळखपट्टी (भोर व वेल्हे तालुके)

नवजात बालकाच्या किंवा लहान मुलाच्या मनगटाला अथवा पायाच्या घोट्याला बांधायची, ते कोणाचे आहे हे सांगणारी पट्टी. रुग्णालयात तिला ‘टॅग’ किंवा ‘बँड’ म्हणतात. छापील प्लॅस्टिकची पट्टी नसेल तेथे चिकटपट्टीवर बॉलपेनने आईचे नाव लिहून काम भागवले जाते. ही नोंद पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील दोन डोंगरी तालुक्यांपुरती आहे. २०११च्या जनगणनेनुसार भोरची लोकसंख्या १,८६,११६ आणि वेल्ह्याची ५४,५१६ होती. एवढ्या विरळ वस्तीत, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे अशा पट्टीचे काम काय, असा प्रश्न साहजिक आहे. मोठ्या शहरातल्या प्रसूतिगृहात एका रात्रीत डझनभर बाळे जन्मतात, तेव्हा पट्टी ही शहरी गरज असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पट्टीची गरज बाळांच्या संख्येवरून ठरत नाही. आईला ओळखणाऱ्या माणसांच्या हातून बाळ किती वेळा अनोळखी हातांत जाते, यावरून ती ठरते. या कसोटीवर भोर-वेल्ह्यातले आजारी बाळ पुण्यातल्या बाळापेक्षा अधिक जोखमीत असते.

पूर्वपीठिका. लहान मुलाच्या मनगटावर काही बांधणे येथे नवे नाही. बिंदल्या, काळे मणी, दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा, कमरेला करगोटा हे सर्व घरोघरी असते. पण त्यातले काहीही बाळ कोणाचे हे सांगत नाही. ओळखीच्या जवळ जाणारी जुनी चाल म्हणजे जत्रेत हातावर नाव गोंदवून घेण्याची, आणि ती बहुधा जाणत्या वयातली. रुग्णालयीन पट्टीचा उगम वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी प्रसूतिगृहांत आईचे आडनाव अक्षरे कोरलेल्या मण्यांनी ओवून बाळाला बांधत आणि शिशाचा मणी दाबून दोरा कायमचा बंद करत. पुढे प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. या दोन परंपरा जोडण्याचा भारतातला लक्षणीय प्रयत्न राजस्थानातला. उदयपूर परिसरात ‘खुशी बेबी’ या संस्थेने लसीकरणाची नोंद साठवणारी चिप काळ्या दोऱ्यात ओवून बाळांच्या गळ्यात दिली. दोरा काळाच ठेवला, कारण आया तो काढून टाकत नाहीत.

पट्टीवरील मजकूर. जन्मल्यावर बाळाला नाव नसते. बारसे बाराव्या दिवशी, अनेकदा त्याहूनही उशिरा. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण नावाचा रकाना कोरा ठेवता येतो आणि नाव नंतर भरता येते. त्यामुळे पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव, बाळाचे लिंग, जन्माची तारीख-वेळ, वजन आणि केसपेपरचा क्रमांक एवढेच असते. जुळे असल्यास ‘बाळ १’, ‘बाळ २’. म्हणजे पट्टी बाळाचे नाव सांगत नाही, नाते सांगते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला. प्रसूतिकक्षात आईचे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून पहिले होते, आणि तेही कोणत्याही सुधारणेच्या हेतूने नव्हे, निव्वळ सोयीने.

अडचण याच नावात आहे. मावळपट्ट्यातली अनेक गावे एकेका भावकीची. आडनाव एकच, सुनांची नावे ठरावीक. त्यात पहिले बाळंतपण माहेरी. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात, आधार कार्ड माहेरच्या नावाचे, लग्नात पहिले नावही बदललेले, आणि प्रसूतीच्या वेळी केसपेपर काढणारा भाऊ किंवा मामा सांगेल ते नाव. अशा वेळी एकाच बाईची दोन नावे आणि दोन बायांचे एक नाव, अशा दोन्ही चुका संभवतात. गावाचे नाव जोडले तरी भागत नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास मंजुरी दिली, तेव्हा पत्त्यातही दोन नावांची भर पडली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७च्या रुग्णसुरक्षा-सूचनांत किमान दोन ओळखखुणा पडताळाव्यात, आणि खोली क्रमांक त्यांत धरू नये, असे म्हटले होते. येथील परिस्थितीत नाव ही त्यांपैकी एक खूण मानणेच धोक्याचे. माता व बाल संरक्षण कार्डावरील नोंदणी क्रमांक आई सासरी असो वा माहेरी, एकच राहतो; तो पट्टीवर पहिल्या ओळीत असावा आणि नाव दुसऱ्या, हे अधिक सयुक्तिक ठरेल. कार्ड घरी राहिले तर काय, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. पण आशा कार्यकर्तीकडे आणि उपकेंद्रात त्याच मातेची नोंद असते, म्हणून क्रमांक फोनवरून मिळू शकतो. चुकीचे नाव मात्र फोनवरून दुरुस्त होत नाही, कारण ते चुकले आहे हेच कोणाला कळत नाही.

स्थानांतर. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका वेळी एकच प्रसूती, बाळ आईच्या कुशीत, सुईण-परिचारिका आई-बाळ दोघांनाही ओळखणारी. मग पट्टी कशाला? आक्षेप तेवढ्यापुरता बिनतोड आहे, आणि प्राथमिक केंद्रांत पट्टीकडे कानाडोळा होतो तो याच कारणाने. पण शासकीय नवजात सेवेची रचना पायऱ्यांची आहे. प्रसूती होते त्या प्रत्येक ठिकाणी नवजात शिशु कोपरा, त्यावर स्थिरीकरण कक्ष, आणि त्यावर विशेष नवजात काळजी कक्ष. जन्मवजन १,८०० ग्रॅमपेक्षा कमी असलेले बाळ या शेवटच्या पायरीचे. ते केंद्रात राहत नाही. ते पासली किंवा पानशेतच्या बाजूने, नाहीतर भोरच्या उपजिल्हा रुग्णालयातून, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनला जाते. भोरपासून पुणे सुमारे ५० किलोमीटर. तोरणा किल्ल्यामागच्या वाड्यांसाठी त्याआधीचा घाटरस्ता वेगळा. टाके असलेली आई बऱ्याचदा मागे राहते आणि बाळाबरोबर आजी किंवा काका येतो. जिथे बाळ पोहोचते तिथे त्याला ओळखणारे कोणी नसते, शेजारच्या वॉर्मरवर तशाच वजनाचे दुसरे बाळ असते, आणि काकाने बाळाचा चेहरा नीट पाहिलेला नसतो. म्हणून पट्टी बांधायची जागा प्राथमिक केंद्र हीच आहे. तिचा उपयोग तिथे होणार नाही, हे तिच्याविरुद्धचे कारण नव्हे. पुण्यात पोहोचल्यावर बांधलेली पट्टी फक्त एवढेच सांगते की हे बाळ अमुक काकाने आणले.

पट्टी गळून पडते, हा परिचारिकांचा अनुभवाधारित आक्षेप. पहिल्या काही दिवसांत नवजाताचे वजन जन्मवजनाच्या ५ ते १० टक्क्यांपर्यंत घटते. मनगटावर बेताची बांधलेली पट्टी तिसऱ्या दिवशी सैल होते, आणि कमी वजनाच्या बाळात मनगटाला मुळातच धरण्याजोगे काही नसते. यावर प्रचलित उपाय दोन पट्ट्यांचा, एक मनगटावर आणि एक घोट्यावर, शिवाय त्याच क्रमांकाची तिसरी आईच्या हातावर. घोट्यावरची पट्टी लंगोट बदलताना दर वेळी डोळ्यांसमोर येते.

अदलाबदल व चोरी. यांबाबत पट्टीकडून फार अपेक्षा ठेवल्या जातात. ‘मुलगा झाला सांगितले आणि मुलगी दिली’ या स्वरूपाच्या तक्रारी राज्यात वेळोवेळी होतात. त्यांचा निकाल डीएनए चाचणीने लागतो, पट्टीने नव्हे. अशा तक्रारींमागे दर वेळी चूकच असते की मुलाची आस, याबद्दल मतभेद आहेत. चोर पट्टी कापून टाकतो. चोरीचा बंदोबस्त दाराशी व्हायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बालतस्करीच्या प्रकरणात, नवजात बालक पळवले गेल्यास त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करावा असे म्हटले, तेही जबाबदारी संस्थेवर टाकणारेच. पट्टी चोराला अडवत नाही. ती थकलेल्या प्रामाणिक माणसाची चूक अडवते, आणि चुका चोऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त होतात.

घरी झालेली प्रसूती. पट्टी नसते, पण बाळाला ओळखणारी आशा कार्यकर्ती पहिल्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत सात गृहभेटी देते.

यात्रा. चालत्या वयाच्या मुलासाठी हाच प्रश्न गर्दीत उभा राहतो. भोरहून आंबाडखिंडीच्या घाटाने मांढरदेवीला जाता येते. ठिकाण वाई तालुक्यातले, पण पौष पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेला भोरकडूनही लोक जातात. २५ जानेवारी २००५ रोजी तेथील चेंगराचेंगरीत सुमारे ३०० जणांचा मृत्यू झाला. चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला. अशा दुर्घटनेत पट्टी कोणाला वाचवत नाही, हे स्पष्टच आहे. ज्याची आई जवळ नाही आणि ज्याला ‘आई’ एवढेच नाव सांगता येते, त्या मुलासाठी ती असते. प्रयागच्या मेळ्यात १९४६पासून हरवलेल्यांसाठी ‘भूले-भटके शिबिर’ चालते, तेथे भोंगा हेच साधन. शबरीमलेला केरळ पोलिसांनी मुलांच्या हाताला ओळखपट्ट्या बांधल्या, २०१७ मध्ये रेडिओ-टॅगही दिले. पाच वर्षांखालील मुलाच्या बाल आधारसाठी बोटांचे ठसे घेतले जात नाहीत, त्यामुळे यंत्रालाही ते मूल अनोळखीच. पट्टीवर मुलाचे नाव ठळक लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या परक्यावर मूल विश्वास ठेवते. पालकाचा फोन क्रमांक आतल्या बाजूने लिहावा. मांढरदेवीसारख्या डोंगरावर फोनवर विसंबणे पुरेसे नाही म्हणून गावाचे नाव आणि आलेल्या गाडीचा क्रमांकही हवा, कारण यात्रेला माणसे गावच्या गाडीने एकत्र येतात आणि हरवलेले मूल अखेर गाडीशीच सापडते किंवा शोधले जाते.

साहित्य. प्लॅस्टिक, कापडी चिकटपट्टी. शाई पाण्याने न जाणारी.

बंगळूरुत तयार झालेली ‘बेम्पू’ पट्टीही बाळाच्या मनगटावरच असते, पण तिचा ओळखीशी संबंध नाही. बाळाचे अंग गार पडले की ती नारिंगी दिवा लावून वाजते.