वजिराबादचं पाणी, पुण्याची तपासणी

आज दिल्लीच्या नळाची गोष्ट.

१९५५ साली पुरानंतर यमुनेचं पात्र सरकलं. नोव्हेंबरात नजफगड नाल्याचं सांडपाणी वजिराबादला, जिथून शहरासाठी पाणी उचलत तिथंच, शिरलं. पाण्यात क्लोरीन वाढवलं गेलं. टायफॉइडची साथ आली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर स्त्रियांना ती जास्त घातक ठरली.

म्हणजे क्लोरीनने जिवाणू मारले, विषाणू मात्र वाचला. कोणता विषाणू? तेव्हा कळायला मार्ग नव्हता. पण रुग्णांचे रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ते तपासले. १९८० साली निष्कर्ष छापून आला: ही ‘हेपटायटिस ए’ नव्हे. पुढे या विषाणूला ‘हेपटायटिस ई’ हे नाव मिळालं.

विषाणू ओळखायला पंचवीस-तीस वर्षं लागली. सांडपाणी पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवायला मात्र त्याचं नाव कळायची गरज नव्हती. ते काम प्रयोगशाळेचं नाही, नगरपालिकेचं. तुमच्या गावचं पाणी कुठून उचलतात आणि गटार कुठे सोडतात, एकदा विचाराच.