पेशवे पार्कचे पिंजरे आणि आमचा मिठू



परवा नातीने विचारलं, "आजी, तू पहिला वाघ कुठे पाहिलास?" म्हटलं, "पुण्याच्या पेशवे पार्कात." सुटीत सोलापूरहून मावशीकडे गेलो की एक दुपार तिथली ठरलेली. फुलराणीत बसायचं, प्राणी बघायचे आणि दिवस मावळायच्या आत जेवायला घरी. नात म्हणाली, "मग मलाही तिथेच ने." पण आता तिथे वाघ नाही.

तो परिसर प्राण्यांसाठी फार जुना. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांनी १७९० मध्ये पेशव्यांच्या गेंड्याचं चित्र काढलं. ते आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंडा म्हणजे आपल्या श्रेयांसनाथ भगवंतांचं लांछन, म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली.

पुढे १९५३ मध्ये पुणे महापालिकेने सारसबागेशेजारी पेशवे उद्यान उभं केलं. १९५६ मध्ये मुलांची लाडकी फुलराणी धावू लागली. गावोगावची मुलं तिथे आयुष्यातला पहिला वाघ बघायची.

मला आठवतो तो गजांमागे सारख्या येरझाऱ्या घालणारा वाघ. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि आजी पाठ फिरवून उभी होती. "बंध आहे हा," एवढंच ती म्हणाली. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ करतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. त्यातला पहिलाच बंध.

गंमत बघा, त्याच आजीने घरी पोपट पाळला होता. मिठू. पेरूची फोड, हिरवी मिरची, भिजवलेली डाळ, सगळे लाड. पुण्याहून परतल्यावर मीच विचारलं, "मग आपल्या मिठूचं काय?" आजी काही बोलली नाही. त्या पर्युषणात तिने स्वतःच्या हाताने पिंजऱ्याचं दार उघडलं. मिठूला उडायची सवयच राहिली नव्हती. तो जेमतेम परसातल्या भिंतीपर्यंत गेला आणि मांजराने त्याला धरलं. आजीने दुसऱ्या दिवशी उपवास केला. तो पिंजरा पुन्हा घरात आला नाही.

पेशवे पार्कचे पिंजरे रिकामे झाले ते मात्र वेगळ्या रीतीने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं. त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. जागा, निवारा, पशुवैद्य, सगळ्याचे नियम झाले. आपल्या विजापूर रस्त्यावरच्या महात्मा गांधी प्राणिसंग्रहालयालाही हाच कायदा. शहराच्या मधोमध असलेल्या लहान पिंजऱ्यांना हे कसं जमणार? कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान होतंच. तिथेच तलावाकाठी सुमारे १३० एकरांवर १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. जुन्या जागी फुलराणी राहिली आणि ऊर्जा उद्यान आलं.

म्हणजे तिथे कुणी नुसतं दार उघडलं नाही. आधी जागा केली, मग प्राणी हलवले. कात्रजलाही कुंपण आहेच, बंध पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही. पण गजांमागच्या चार पावलांपेक्षा ते बरं. आजीची दया खरी होती, फक्त दार उघडल्यानंतर मिठूचं काय होईल, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

म्हणून सांगते, देशी पोपट पाळणं आज कायद्याने गुन्हा आहे. कुणाच्या घरी असेल, तर पुण्य म्हणून एकदम सोडून देऊ नका. वनविभागाला १९२६ वर फोन करा आणि त्यांच्या हाती द्या.

नातीला सुटीत कात्रजला नेणार आहे. जाताना गाडीत तिला मिठूची गोष्टही सांगेन.