खर्रा, चारशे वर्षं आणि तीन बोटं

नांदगाव पेठच्या हायवेवर कोणत्याही पानठेल्यावर उभे राहा, पन्नीत खर्रा घोटणं सुरूच दिसते. "वाडवडलांपासून चालू आहे भाऊ," असं म्हणतात. पण तंबाखू आपला नाहीच, तो पोर्तुगीजांनी आणला. १६०४ च्या सुमारास असद बेगनं तो विजापुरातून अकबराच्या दरबारी नेला. १६१७ मध्ये जहांगीरनं बंदी घातली, कोणी ऐकलं नाही.

महाराष्ट्रानं ऑगस्ट २००२ मध्ये गुटखा बंद केला. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात ती बंदी टिकली नाही. जुलै २०१२ पासून नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली, पुढं खर्रा-मावाही त्यात आला. बातम्या मीच लिहिल्या, खिशात खर्रा ठेवून!

मग तिखट झोंबू लागलं. एक दिवस भाकरीचा घास तोंडात जाईना. डॉक्टर म्हणाले, सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होते, ती पहिल्यासारखी होत नाही. पुढं कॅन्सरही होऊ शकतो. तंबाखू नसलेली सुपारीही तेच करते.

खर्रा सुटला, तोंड मात्र अजून दोनच बोटं उघडते.

बंदी कागदावर राहील न राहील. तुम्ही आज आरशासमोर तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. जात नसतील तर उद्याच दाताच्या डॉक्टरकडं जा.