सदर बाजारची नाली आणि शेजारचा नळ

घरातली सांडपाण्याची लाइन बिघडू लागली की ती आधी खुणा दाखवते. मोरीत पाणी रेंगाळतं, न्हाणीत बादली ओतली की संडासाच्या भांड्यात गुडगुड होते, भिंतीच्या पायथ्याला ओल धरून पोपडे सुटतात, चेंबरच्या झाकणाच्या कडेने काळं पाणी झिरपतं. या खुणा खऱ्या आहेत आणि त्या ओळखता आल्याच पाहिजेत. पण रायपूरच्या सदर बाजारासारख्या जुन्या, दाट पेठेचा इतिहास पाहिला तर या यादीवर विसंबून राहणं किती अपुरं आहे ते कळतं. अशा पेठेत बिघाडाची पहिली खूण पुष्कळदा त्या घरात उमटतच नाही. ती तळ्यात उमटते, शेजारच्या विहिरीत उमटते, चार घरं पलीकडच्या नळात उमटते. आणि गेल्या दीडशे वर्षांत झालेल्या प्रत्येक सुधारणेने ही खूण बिघाडाच्या धन्यापासून आणखी थोडी लांब नेली, असं माझं म्हणणं आहे.

रायपूर हे तळ्यांचं शहर. बुढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब, तेलीबांधा ही नावं आजही तिथल्या बोलण्यात रोज येतात. १७९५ मध्ये या वाटेने गेलेल्या कॅप्टन ब्लंटने हे व्यापाऱ्यांचं आणि सधन लोकांचं मोठं गाव असल्याचं लिहिलं. तेव्हा छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहत होते ते त्याआधी, १७८७ पर्यंत. त्यांच्याच आश्रयाने दूधाधारी मठाचं मंदिर उभं राहिलं. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांनी कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं आणि गावाची वाढ वेगाने सुरू झाली. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बुढापारा या वस्त्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि त्यांच्या अंगाला लागूनच सदर बाजारात सराफीच्या पेढ्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड, पुढून अरुंद आणि आत लांबच लांब गेलेली घरं. सांडपाणी दारासमोरच्या उघड्या नालीत पडायचं आणि जमिनीच्या उताराने तळ्याकडे जायचं. पाणी साचलं तर दुकानदाराला त्याच दिवशी दिसायचं, गिऱ्हाइकालाही दिसायचं. तळ्याचं पाणी हिरवं पडलं, वास मारू लागलं तर घाटावर धुणं घेऊन आलेल्या बाईला आधी कळायचं.

सराफीच्या पेठेत तर नालीवर आणखी एक डोळा असायचा. सोनाराच्या कामात कानस मारताना, पॉलिश करताना, हात धुताना सोन्याचा कण-कण सुटतो आणि राखेतून, केरातून, मोरीच्या पाण्यातून बाहेर जातो. हा केर आणि गाळ विकत घेऊन किंवा झाडून गोळा करून त्यातलं सोनं काढणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणतात. छत्तीसगडात नद्यांच्या वाळूतून सोनं धुणाऱ्या सोनझऱ्यांची जमात प्रसिद्ध आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात त्यांची स्वतंत्र नोंद आहे. हिंदुस्थानातल्या सराफ्यांत झारेकऱ्यांचा धंदा साधारण एकाच रीतीने चालत आला. पहाटे दुकानं उघडण्याआधी कुंच्याने नालीचा तळ खरवडायचा, गाळ घमेल्यात भरायचा, पाणी घालून हलक्या हाताने घोळवत माती वरून सोडून द्यायची, खाली काळी जड रेती उरली की तिच्यात पारा घालून कण धरायचे. या कामाला नालीचा तळ कुठे उखडला आहे, कोणत्या घरासमोर गाळ वाढला आहे, कुठे पाणी मुरून नाहीसं होतं आहे, हे बारकाईने पाहावंच लागतं. कण तिथेच अडकतात. मैलावाहिनीची तपासणी म्हणून हे काम कुणी केलं नाही, पण रोज पहाटे नालीचा इंच न्‌ इंच पाहणारा माणूस त्या पेठांना होता. आज शहराकडे असा माणूस नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. उघडी नाली डोळ्यांसमोर होती म्हणून ती चांगली कशी? त्या उघडेपणाची किंमत कोण मोजत होतं? मैला नालीत जात नव्हता. तो टोपलीच्या संडासात पडायचा आणि तो उचलायला, डोक्यावरून वाहायला जातीने बांधलेली माणसं होती. कोणत्या घरात पटकी शिरली, कुठे हगवण लागली, कुठली टोपली गळते, हे त्यांना घरच्यांआधी कळत असणार. पण त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांचं ज्ञान कुठल्याच दप्तरात आलं नाही. त्यांच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने बर्वे समिती १९४९ मध्ये नेमली, पुढे केंद्राने मलकानी समिती नेमली. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला हातात घ्यावा लागू नये असा संडास तयार करून दाखवला. हाताने मैला उचलण्यावर कायद्याने बंदी यायला १९९३ उजाडलं आणि २०१३ मध्ये तो कायदा पुन्हा नव्याने करावा लागला. ती व्यवस्था जायलाच हवी होती. एक दिवस उशिरा गेली तेवढाच तो कलंक मोठा. पण ती गेली तेव्हा तिच्यासोबत रोजची पाहणीही गेली आणि तिच्या जागी दुसरी पाहणी आली नाही.

मधला टप्पा पाण्याचा आहे. रायपूरला नगरपालिका १८६७ मध्ये आली, रेल्वे १८८८ च्या सुमारास. १८९२ मध्ये बलरामदास जलकल सुरू झालं. नांदगावचे राजे बलरामदास यांनी त्याच्या खर्चाचा मोठा वाटा उचलला आणि खारून नदीचं पाणी नळाने शहरात आलं. ही फार मोठी देणगी होती, आणि सदर बाजारच्या विहिरींवरचा भार तिने हलका केला. पण घरात पाणी आणायची योजना झाली आणि घराबाहेर जाणाऱ्या पाण्याची झाली नाही. मुंबईतही हेच घडलं होतं: विहारचं पाणी १८६० मध्ये आलं, गटारं मागून आली, आणि मधल्या काळात शहराची जमीन सांडपाण्याने भिजत राहिली. विहिरीतून शेंदून काढलेलं पाणी माणूस जपून वापरतो. नळाचं तसं होत नाही. जुन्या नाल्यांवर त्यांच्या ताकदीबाहेरचं पाणी आलं. आणि गल्ली अरुंद असल्यामुळे नळाचा पाइप टाकायला मोकळी जमीन एकच उरली, नालीच्या कडेची किंवा थेट नालीतली.

मग फ्लशचा संडास आला आणि त्याच्यासोबत सेप्टिक टाकी. फ्रान्समध्ये लुई मूरास यांची बंद टाकी १८८१ मध्ये पेटंट झाली, १८९५-९६ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तिला सेप्टिक टाकी हे नाव दिलं, आणि १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात टाकीतल्या वायूवर दिवा पेटवण्यापर्यंत मजल गेली. पण टाकीचं काम अर्धंच असतं. गाळ तळाशी राहतो, वरचं पाणी बाहेर जातं, आणि ते पाणी स्वच्छ नसतं. त्यासाठी शोषखड्डा लागतो, आणि पिण्याच्या पाण्यापासून तो किमान १८ मीटर दूर असावा असं भारतीय मानक सांगतं. सदर बाजारच्या गल्लीत १८ मीटर म्हणजे ओळीने तीन-चार घरं. म्हणून जुन्या पेठांतून टाकीचं तोंड गुपचूप नालीलाच जोडलं जातं. शिवाय रायपूरखालचा खडक चुनखडीचा. त्याच्या भेगांतून पाणी गाळल्याविना लांबवर धावतं.

खुणांच्या नेहमीच्या यादीला इथेच मोठा धक्का बसतो. ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ हे वाक्य घराघरात अभिमानाने बोललं जातं. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायचीच असते. ती भरत नसेल तर तिच्यातलं सगळं जमिनीत किंवा नालीत जात आहे. फुटकी टाकी तुंबत नाही, तिचं पाणी परत फिरत नाही, भांड्यात गुडगुडही होत नाही. घराच्या दृष्टीने ती उत्तम चालते. याचा इतिहासातला सर्वांत ठळक दाखला लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटचा आहे. १८५४ च्या पटकीत जॉन स्नो यांनी तिथल्या पंपाकडे बोट दाखवलं हे बहुतेकांना माहीत असतं. पण पंपाची विहीर बिघडली कशी याचं उत्तर नंतर, १८५५ मध्ये मिळालं. हेन्री व्हाइटहेड या पाद्र्याला मृत्यूच्या नोंदी चाळताना ४० क्रमांकाच्या घरातल्या तान्ह्या मुलीचा मृत्यू सापडला. साथ भडकण्याआधीच ती आजारी पडली होती आणि तिच्या आईने दुपट्यांचं पाणी घराच्या पुढच्या बाजूच्या मैलखड्ड्यात ओतलं होतं. यॉर्क नावाच्या सर्वेक्षकाने तो खड्डा उघडला. विटा इतक्या कुजल्या होत्या की हाताने सुट्या निघत होत्या, आणि विहिरीपासून अंतर तीन फुटांहूनही कमी होतं. सहाशेहून अधिक माणसं त्या साथीत गेली. बिघाडाची खूण त्या घराच्या मोरीत नव्हे, सगळ्यांच्या विहिरीत उमटली.

दुसरा आक्षेप वैद्यकाच्या बाजूने येतो. वासाला, ओलीला, झुरळांना इतकं महत्त्व कशाला? दुर्गंधीयुक्त हवेने रोग होतो हा एकोणिसाव्या शतकाचा सिद्धांत चुकीचा ठरला आहे. तो ठरलाच. पण त्या चुकीच्या सिद्धांतातून निघालेली तपासणी बरोबर होती. १८७१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला विषमज्वर झाला, दोष घरातल्या गटारावर आला, आणि श्रीमंत घरांनीही आपापले पाइप तपासायला घेतले. लीड्सचे शल्यवैद्य टी. प्रिजिन टील यांनी १८७८ मध्ये घरातल्या सांडपाण्याच्या चुकांचं चित्रमय पुस्तकच काढलं. त्या काळी पेपरमिंटची चाचणी होत असे: छतावरच्या हवेच्या पाइपातून पेपरमिंटचं तेल आणि कढत पाणी ओतायचं, आणि दुसऱ्या माणसाने घरभर हिंडून कुठे वास येतो ते पाहायचं. वास आला तिथे सांध्याला फट. वासाने रोग होत नाही, पण जिथून वास बाहेर येतो तिथून पाणीही बाहेर जाऊ शकतं, एवढं आजही तितकंच खरं आहे.

रायपूरच्या नळांच्या बाबतीत हा रस्ता उलट्या दिशेनेही चालतो. पाणी ठरावीक वेळच येतं. बाकीचे तास पाइप रिकामा किंवा कमी दाबाचा असतो, आणि नालीत बुडालेल्या पाइपाला गंजून भोक पडलेलं असेल तर बाहेरचं पाणी तो आत ओढतो. सकाळी पहिल्या दोन-चार बादल्या गढूळ येतात, किंचित वास मारतात, मग पाणी निवळतं. लोक पहिलं पाणी सोडून देतात आणि मागचं भरतात. ती गढूळ बादली म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी टाकीची खूण असते. पण ती ज्याच्या घरात दिसते त्याच्या हातात दुरुस्ती नसते, आणि ज्याच्या हातात आहे त्याला ती दिसत नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये रायपूरच्या नहरपाऱ्यात काविळीने माणसं दगावली. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत शहरात पुन्हा काविळीची साथ आली. दोन्ही वेळी बोट नालीतून गेलेल्या नळांकडे होतं. दूषित पाण्याने पसरणाऱ्या हेपटायटिस ई या काविळीला पोटात शिरल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते नऊ आठवडे लागतात. गर्भवतींना तर ती जिवावर बेतते. शेवटच्या तिमाहीत पाचांतली एक दगावू शकते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये नजफगढ नाल्याचं पाणी यमुनेतल्या उपशाच्या जागी उलटलं आणि एकोणतीस हजारांवर लोकांना कावीळ झाली. २०१२ मध्ये इचलकरंजीनेही हाच रोग सोसला. रक्ताचा अहवाल हातात येतो तोवर खूण दोन महिन्यांपर्यंत जुनी झालेली असू शकते.

आता रायपूरला चंदनीडीह, कारा आणि निमोरा इथे मैलापाणी शुद्धीकरणाची मोठी केंद्रं झाली आहेत, मग ही चिंता कशाला, असंही विचारता येईल. खारूनसाठी हे काम अत्यंत मोलाचं आहे आणि ते पन्नास वर्षं आधी व्हायला हवं होतं. पण ही केंद्रं नाल्यांच्या मुखाशी पाणी अडवतात. सदर बाजारच्या गल्लीत टाकी आणि नाली, नाली आणि नळ यांचा जो संबंध आहे तो मुखाच्या कित्येक किलोमीटर आधी घडून गेलेला असतो. तो सोडवायला तीन गोष्टी प्रत्येक घराच्या नावावर लिहाव्या लागतील: टाकी शेवटची कधी उपसली, तिचं तोंड कुठे उघडतं, आणि घराची नळजोडणी नालीला कुठे ओलांडते. गल्लीच्या शेवटच्या नळाला ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरिन उरला आहे का ते रोज पाहता येतं. पाणी पिवळं झालं नाही तर त्या गल्लीतला पाइप उघडून बघायचा. हे महापालिकेचं काम आहे, घरमालकाचं नाही, असं म्हणणारे निम्मे बरोबर आहेत. पाइप वर उचलणं आणि नळ तपासणं पालिकेचंच. पण टाकीचं झाकण घरमालकाच्या अंगणात, पुष्कळदा दुकानाच्या फरशीखाली असतं, आणि फरशी फोडायची परवानगी फक्त तोच देऊ शकतो.