पंधराव्या वर्षीची यात्रा

तीर्थयात्रा हे म्हातारपणीचं काम, असं आपण कधीपासून धरून चाललो आहोत कोण जाणे. मुलांची लग्नं झाली, पेन्शन सुरू झाली, गुडघे अजून थोडेफार चालताहेत, मग काशी-रामेश्वर. वारीचं तसं नाही म्हणा. दिंडीत बाप्यांच्या खांद्यावर बसलेली पोरं दिसतात, कॉलेजची मुलं पाण्याचे टँकर सांभाळताना दिसतात. पण घरातला विशीतला मुलगा "मी यात्रेला जातो" म्हणाला, तर पहिला प्रश्न येतोच, "अरे, तुझं वय काय?"

कॅथलिक लोकांनी गेल्या चाळीस वर्षांत हे गणित उलटं केलं आहे. त्यांच्या सर्वांत मोठ्या जागतिक मेळाव्याचं आमंत्रण मुद्दाम तरुणांना जातं. इंग्रजीत त्याला वर्ल्ड युथ डे म्हणतात, मराठीत आपण जागतिक युवा दिन म्हणू. नाव 'दिन' असलं तरी मुख्य कार्यक्रम पाच-सहा दिवस चालतो. मागचा लिस्बनला झाला, १ ते ६ ऑगस्ट २०२३. पुढचा दक्षिण कोरियात सोल इथे, ऑगस्ट २०२७ मध्ये ठरला आहे.

आता तळोज्यात बसून मला हे कसं सुचलं? आमच्या सोसायटीत मूळचं वसईकडचं एक कुटुंब आहे. इथे घर परवडलं म्हणून आले, आमच्यासारखेच. त्यांच्या मुलीला सोलला स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. वडिलांचं म्हणणं सरळ आहे, "सर, तेवढ्या पैशात इथे दहा गरिबांचं काम होईल. सेवा करायला विमान कशाला लागतं?" प्रश्न खोटा नाही. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. 'जाऊ दे' किंवा 'नको जाऊ दे' म्हणण्याआधी मागची पानं उलटायची सवय. आणि मागची पानं उलटली तर पहिलं नाव वसईचंच निघतं.

गोन्सालो गार्सिया. जन्म वसईत, १५५७ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली होती, तिथल्या जेझुइट पाद्रींकडे हा मुलगा शिकला. साधारण पंधराव्या वर्षी तो त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला गेला. पंधराव्या वर्षी! आपण त्या वयाच्या मुलाला एकट्याला दादरला पाठवताना दोनदा विचार करतो.

जपानात तो जपानी भाषा उत्तम शिकला आणि सुमारे आठ वर्षं धर्मशिक्षकाचं काम करत राहिला. जेझुइट संघात आपल्याला घ्यावं अशी त्याची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग तो व्यापारात पडला, आणि पुढे फिलिपाइन्समध्ये मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. पाद्री नाही, बंधू. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ पाठवलं. त्याचे प्रमुख होते पेद्रो बाप्तिस्ता, आणि त्यांचा दुभाषा होता हा वसईचा गोन्सालो. म्हणजे जपानच्या सर्वांत बलाढ्य माणसासमोर स्पेनचा शब्द मांडला तो आपल्या कोकणात जन्मलेल्या माणसाच्या तोंडून. पुढे या मंडळींनी क्योटोत मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा सुरू केली.

१५९६ च्या शेवटी वारं फिरलं. सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, त्यावरच्या मालावरून तंटा झाला. मिशनरी हे स्पेनच्या फौजेचे पुढे पाठवलेले हस्तक आहेत, असा संशय हिदेयोशीच्या मनात पक्का झाला. पकडापकड झाली. कैद्यांचे कान कापून त्यांची धिंड काढली, आणि भर हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यात सहा फ्रान्सिस्कन होते, बाकी बहुतेक सगळे जपानी. सर्वांत लहान मुलगा होता बारा वर्षांचा. गोन्सालो चाळिशीचा.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. त्या वर्षी पैठणला एकनाथ महाराज हयात होते आणि शिवरायांच्या जन्माला अजून तेहतीस वर्षं अवकाश होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिलं. वसईत आज त्यांच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे.

आता यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोन्सालोच्या हातात अधिकार कुठलाच नव्हता. त्याच्याकडे होती ती दुसऱ्याची भाषा शिकण्याची तयारी आणि रोग्याजवळ बसण्याची तयारी. आजच्या मेळाव्यात स्वयंसेवक जे करतात ते याहून वेगळं काय आहे? स्टेशनवर उभं राहून रस्ता सांगणं, दुभाष्याचं काम, प्रथमोपचार, जेवणाच्या रांगा, रात्री उशिरा मैदान झाडणं. व्यासपीठावर पोप असतात, फोटो त्यांचे येतात. पण लाखो मुलं उपाशी न राहता, चेंगराचेंगरी न होता आपापल्या घरी परततात ती या बिनचेहऱ्याच्या मंडळींमुळे. लिस्बनला अशा स्वयंसेवकांची संख्या वीस हजारांच्या वर होती. शेवटच्या दिवशीच्या उपासनेला सुमारे पंधरा लाख लोक होते. आषाढीच्या दिवशीचं पंढरपूर ज्याने पाहिलंय त्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मेळाव्याची सुरुवातही तशी साधी आहे. १९८४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तरुणांना रोमला बोलावलं. त्या वर्षी त्यांनी एक मोठा लाकडी क्रूस मुलांच्या हाती दिला आणि तो जगभर फिरवायला सांगितलं. आपल्याकडे पालखी फिरते तसा तो क्रूस आजही देशोदेशी फिरतो. १९८५ हे संयुक्त राष्ट्रांचं युवा वर्ष होतं, त्याच वर्षाच्या अखेरीस हा मेळावा नियमित करण्याचं ठरलं. पुढच्या फेब्रुवारीत हेच पोप भारतात आले, मुंबईलाही येऊन गेले. मग ब्यूनस आयर्स, सांतियागो, चेस्तोहोवा, डेन्व्हर असं करत जानेवारी १९९५ मध्ये मेळावा मनिलाला आला. तिथली गर्दी चाळीस-पन्नास लाखांची असल्याचा अंदाज दिला जातो. रस्ते इतके तुंबले की पोपना हेलिकॉप्टरने मैदानावर न्यावं लागलं. ज्या मनिलात चारशे वर्षांपूर्वी गोन्सालोने झगा अंगावर चढवला, तेच हे शहर!

पण मंडळी, नेहमी आपणच बाहेर जातो असं नाही. एकदा जगही आपल्या दारी आलं होतं. २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या काळात मुंबईत ओव्हल मैदानावर ३८ वी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस तेव्हा मुंबईचे आर्चबिशप होते. २ डिसेंबरला पोप सहावे पॉल सांताक्रूझ विमानतळावर उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. मी तेव्हा शाळकरी मुलगा, आमच्या गावी पेपर दुसऱ्या दिवशी यायचा. पांढऱ्या झग्यातला तो माणूस आणि दुतर्फा माणसांचा समुद्र, हा फोटो मला अजून आठवतो. नेहरू जाऊन सहा महिने झाले होते, शास्त्रीजी पंतप्रधान होते, देशात धान्याची टंचाई होती. अशा वेळी हा सोहळा कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. धर्मांतराच्या भीतीने विरोध करणारेही होते.

त्या पाहुण्याने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. अन्य धर्मीयांपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. जाण्याआधी पत्रकारांमार्फत जगाला आवाहन केलं की शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारा. आणि जी पांढरी लिंकन मोटार त्यांच्या प्रवासासाठी दिली गेली होती, ती मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्या गाडीत बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि पैसे कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीला लावले. क्योटोतल्या गोन्सालोच्या कामाची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

१९६७ मध्ये याच पोपनी राष्ट्रांच्या विकासावर एक परिपत्रक काढलं. त्यात मुंबईच्या आवाहनाचा नावानिशी उल्लेख आहे, आणि परक्या देशात सेवेला जाणाऱ्या तरुणांचं कौतुकही आहे. ओव्हल मैदानावरची चार दिवसांची भेट तिथेच संपली नाही, ती कागदावर उतरली, असं मला यातून दिसतं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा निबंध प्रचारपत्रक होईल. लिस्बनला व्यासपीठाचा खर्च आधी सुमारे पन्नास लाख युरो सांगितला गेला. पोर्तुगालमध्ये त्यावर गदारोळ झाला आणि तो बराच कमी करावा लागला. एका चित्रकाराने तर त्या व्यासपीठावर नोटांच्या चित्रांचा गालिचा अंथरून निषेध केला. गरीब देशांतल्या मुलांना व्हिसा मिळत नाही हे रडगाणं दर वेळी असतं. आफ्रिकेतून आलेली काही मुलं ठरलेल्या ठिकाणी पोहोचलीच नाहीत, अशाही बातम्या आल्या. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण ज्याच्या गावात काम नाही, त्याला यात्रेच्या वाटेवर भाकरीची वाट दिसली तर नवल काय? आणि ज्यांना घरून पैसे मिळतात ती जाणार, ज्यांना मिळत नाहीत ती फोटो पाहणार, हा भेद उरतोच. आयोजक देशांच्या ऐपतीप्रमाणे नोंदणीची फी कमी-जास्त ठेवतात, शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये, लोकांच्या घरी मुलांची झोपायची सोय करतात. तरी विमानाचं तिकीट कुणाला चुकत नाही.

आणखी एक गंमत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगिजांची तिथली दोनशे वर्षांची सत्ता संपली. तिथल्या माणसांना आपला धर्म पोर्तुगिजांकडून मिळाला, पण त्यांनी तो मराठीतून, आपल्या सामवेदी-वाडवळी बोलीतून जपला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच मातीतले. लिस्बनचा मेळावा म्हणजे एका परीने जुन्या राज्यकर्त्यांच्या राजधानीतलाच मेळावा. फरक एवढाच, की आता तिथे पाहुणा म्हणून जायचं.

कोरियाचं तर वेगळंच. तिथे हा धर्म आधी मिशनऱ्यांनी नेला नाही. चीनमधून आलेली पुस्तकं वाचून कोरियन विद्वानांनीच त्याची चौकशी सुरू केली. त्यांच्यातला एक जण १७८४ मध्ये पेकिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि परत येऊन त्याने इतरांना दिला. एका माणसाने प्रवास केला, शिकून आला, आणि घरच्यांना वाटलं. यात्रेची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

म्हणून शेजारच्या गृहस्थांना मी एवढंच म्हटलं, की दहा गरिबांचं काम आणि विमानाचं तिकीट यांची बेरीज-वजाबाकी आज करू नका. मुलगी परत आल्यावर करा. परतल्यावर ती इथल्या सरकारी दवाखान्यात, बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांमध्ये, कारखान्यांत आलेल्या परप्रांतीयांमध्ये त्यांची भाषा शिकून चार तास देणार असेल, तर पैसे वसूल. आणि नुसते फोटो दाखवणार असेल, तर ती सहल झाली. सहलीतही वाईट काही नाही, फक्त तिला सेवा म्हणू नये. यावर ते हसले, मुलगी मात्र हसली नाही. तिने विचारलं, "सर, हे चार तास सोलला जायच्या आधीच सुरू केले तर?"

मी चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो. चांगलं उत्तर विद्यार्थ्याकडूनच येतं, हा अनुभव काही नवीन नाही.

वाचकांपैकी कुणाच्या घरातून, नात्यातून असं कुणी गेलं असेल, मनिलाला, रोमला, लिस्बनला, किंवा आपल्या पंढरपुरात पाणी वाटायला, तर जरूर कळवा. गेल्यावर काय पाहिलं ते नको. आल्यावर काय केलं ते लिहा.