कमरेत सुई, कानात घुमणं

मोबाइल ठेवा बाजूला आणि डोक्यावर इरलं घ्या, हिर्डोशीत पाऊस थांबायचं नाव घेत नाही. साल 1960. चुलीत ओली लाकडं धुमसतायत, धुराचा नि गोठ्याचा वास घोंगडीत पार मुरलाय. सगळा गाव लावणीला खाचरात वाकलाय, आणि तुम्ही तेवढे ओटीवर बसून खोकताय. मुंबईच्या गिरणीतून आणलेला क्षयाचा खोकला. थुंकीत रक्त दिसल्यापासून तुमचं ताट वेगळं झालंय.

उठा, सुई घ्यायला भोरला जायचंय. चिखल तुडवत रस्त्यापर्यंत या; घाटाकडून एखादं वाहन आलं तर ठीक, नाहीतर बैलगाडी. रोज जाऊन-येऊन जमणार नाही, म्हणून मुक्काम मावशीकडे.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. ओल्या घोंगड्या, किरकिरणारी पोरं, स्पिरिटचा वास, स्टोव्हची घरघर. डब्यात काचेच्या सिरिंजा उकळतायत. कंपाउंडर छोट्या बाटलीतली पांढरी भुकटी पाण्यात हलवतो, रबरी बुचातून खेचून घेतो. स्ट्रेप्टोमायसिन, एक ग्रॅम. सुई किती कमरांतून फिरून आलीय देव जाणे. खुपसली की टाच आपोआप वर उचलते. थोड्या वेळानं ओठांभोवती मुंग्या येतात, तोंड बधिर होतं. घाबरू नका, रोज येणार आहेत.

शेजारच्या खाटेवर न्यूमोनियाचं पोर आहे. त्याला पेनिसिलिन चालू आहे. 1955 पासून ते आपल्या पिंपरीतच, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तयार होतं. त्या पोराला दर तीन-चार तासांनी टोचतात, रात्रीसुद्धा. त्याची आई विचारते, ‘‘डॉक्टरसाहेब, सगळं एकदमच द्या ना!’’ तसं चालत नाही. पेनिसिलिन वाढत्या जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही आणि रक्तातून झपाट्यानं निघून जातं. पीक राखायला माळ्यावर रात्रभर माणूस हवा, संध्याकाळी एकदाच मोठ्यानं ओरडून रानडुकरं सकाळपर्यंत लांब राहत नाहीत, तसंच हे.

तुमच्या औषधाची रीत उलटी. ते जंतूची प्रथिनं बनवणारी यंत्रणाच बिघडवतं. रक्तात त्याची पातळी जितकी उंच चढेल तितका मारा जबर, आणि पातळी उतरली तरी जंतू लगेच सावरत नाही. म्हणून दिवसातून एकच सुई पुरते. हे गणित नीट मांडलं गेलं ते पुढं. त्याआधी, ब्रिटनमधल्या याच औषधाच्या 1948 च्या गाजलेल्या चाचणीत रोज दोन ग्रॅम, चार भागांत, दर सहा तासांनी देत. रोगी सुधारले, पण 55 पैकी 36 जणांना चक्कर येऊ लागली.

ती चक्कर आता तुम्हीच अनुभवा. महिना उलटलाय. रात्री मावशीच्या परसात जाताय, कंदील विझतो आणि पायाखालची जमीन सरकते. दिवसा डोळे तोल सावरून घेतात, अंधारात कोणी सावरणारं नसतं. औषध कानाच्या आतल्या, तोल आणि ऐकणं सांभाळणाऱ्या बारीक केसाळ पेशींत शिरतं, आणि त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कान मात्र घुमत राहतो. मला हा सगळ्यांत निष्ठुर सौदा वाटतो: फुप्फुस वाचतंय, त्याची किंमत कान मोजतोय.

म्हणून डॉक्टर रोज तेच विचारतात. ‘‘काय हो, चालताना तोल जातो का? कानात वाजतं का? लघवी नीट होते ना?’’ शेवटचा प्रश्न उगाच नाही. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. ती थकलेली असली तर औषध रक्तातून उतरत नाही, साचत जातं. म्हाताऱ्या माणसाला डोस कमी, तो याचसाठी.

‘‘मग मला अर्धीच सुई द्या,’’ तुम्ही म्हणता. डॉक्टर चिडतात. अपुऱ्या माऱ्यातून वाचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनवर ठेवलेल्यांचं तसंच झालं. म्हणून सोबत आयसोनियाझिडच्या गोळ्या, आणि पास नावाचं कडू, पोट ढवळून काढणारं औषध, दिवसाला दहा-बारा ग्रॅम. गिळताना नाक दाबा.

तुमची चक्कर ऐकून आज ते सुई बंद करतात. पास आणि गोळ्या मात्र वर्षभर, कदाचित जास्तच. मावशी सगळं पिशवीत भरते आणि दटावते, ‘‘बरं वाटलं म्हणून सोडशील, तर बघ!’’