तमाशातले फारसी-अरबी शब्द आणि त्यांचे अर्थ

टँगो जपानमध्ये नाचला तरी त्यातले ‘ओचो’ (आठचा आकडा काढणारी पावले), ‘अब्रासो’ (जोडीदाराला धरण्याची पद्धत, मूळ अर्थ मिठी) हे शब्द स्पॅनिशच राहतात. मराठी तमाशातही फारसी-अरबी शब्द असेच रुजले. फक्त ते परके आहेत हे आपण विसरलो.

तमाशा : मूळ अरबी शब्दाचा अर्थ एकत्र चालणे, फिरणे. फारसीत तो ‘मौजेने पाहणे, देखावा’ झाला आणि तिथून मराठीत आला.

शाहीर : अरबी ‘शाइर’, म्हणजे कवी. मराठीत पोवाडे आणि लावण्या रचणारा व गाणारा तो शाहीर.

कलगी-तुरा : दोन्ही पागोट्यावरचे अलंकार. ‘कलगी’ फारसीतून, ‘तुरा’ अरबी ‘तुर्रा’वरून आला. शाहिरांमध्ये शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले, शिवाला मानणारे तुरेवाले.

सवाल-जवाब : दोन्ही शब्द अरबी. कलगी आणि तुरा पक्षांनी गाण्यातून एकमेकांना घातलेली कोडी आणि त्यांची उत्तरे.

डफ : अरबी ‘दफ्फ’. शाहिराच्या हातातले चामड्याचे वाद्य.

दौलतजादा : ‘दौलत’ म्हणजे संपत्ती, ‘जादा’ म्हणजे अधिक. प्रेक्षकाने खूश होऊन कलावंताला दिलेले पैसे.

सगळेच शब्द बाहेरचे आहेत का?
नाही. सुरुवातीचा ‘गण’ (गणपतीचे स्तवन), ‘गौळण’, ‘सोंगाड्या’ हे इथलेच. ‘गण’ आणि ‘सवाल-जवाब’ एकाच रात्री, एकाच मंचावर होतात.

‘तमाशा’ला वाईट अर्थ कसा चिकटला?
चारचौघांत होणारा देखावा, या अर्थावरून ‘चारचौघांत होणारी शोभा’ हा अर्थ निघाला. टिटवाळा लोकलमध्ये भांडण जुंपले की ‘तमाशा नको’ असे कोणीतरी म्हणतेच. पुढे ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ झाला. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी त्या रूपातून कामगारांचे प्रश्न मांडले. आजही अनेक फडांच्या फलकावर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असे दोन्ही शब्द दिसतात.

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात जत्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक तिथे येऊन सुपारी देतात. विठाबाई नारायणगावकर याच गावच्या. इथे ‘तमाशा’ ही शिवी नाही. कित्येक कुटुंबांचा तो पिढीजात व्यवसाय आहे.